तुझी शुगर मामाची नव्हे

बस. मान वर कर आणि माझ्याकडे बघून ऐक. दोन लेकरांचा बाप आहेस, म्हणून काल बाजारात चारचौघांत काही बोललो नाही, घरी बोलावून घेतलं. पण घरी बोलावलं म्हणून मऊ बोलेन असं समजू नकोस.

तुझी आई आली होती. तू इन्सुलिन बंद केलंस म्हणाली. का, तर 'त्या सुईनेच मला पाडलं' असं सगळ्या आळीत सांगत फिरतोस. खरं काय घडलं ते मी तिच्याकडून काढून घेतलंय, तेव्हा ती कहाणी माझ्यापुढे पुन्हा नको. रात्रीची लाईट होती. कांद्याला पाणी द्यायला निघालास. संध्याकाळची सुई टोचून घेतलीस आणि भाकरी पुढ्यात असताना 'आल्यावर खातो' म्हणालास. वाटेत दोस्तांनी थांबवलं, तिथे ग्लास तोंडाला लावलास. मग अंधारात एकट्याने दारं धरत बसलास. पहाटे भाऊ शोधत आला तेव्हा घामाने भिजून वाफ्यात पडला होतास, स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं. यात सुईचा गुन्हा कोणता? तिने तिचं काम केलं, साखर खाली आणली. जेवण तू चुकवलंस. दारू तू प्यायलास. कुणाला न सांगता एकटा तू गेलास. आणि शिक्षा कुणाला, तर इन्सुलिनला!

वर मला विचारतोस, 'सुई बंद करून पंधरा दिवस झाले सर, काही झालं का मला?' झालंय. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवलीय तुझी. रात्रीतून चारदा लघवीला उठतोस, उशाला तांब्या घेऊन झोपतोस. बेशुद्ध पडला नाहीस एवढ्यावरून तू स्वतःला बरा ठरवलंस. त्याचं कारणही ऐकून ठेव. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह झालेल्या रुग्णांचा अनेक वर्षं अभ्यास केला. अशा माणसांची साखर खूप चढली तरी रक्त आम्लयुक्त होऊन अचानक बेशुद्ध पडण्याचा प्रकार त्यांच्यात लहान मुलांच्या मधुमेहाइतका सर्रास दिसत नाही. कमी दिसतो, होतच नाही असं नव्हे. तुझ्या स्वादुपिंडाची गत त्याच जातीची आहे. म्हणून तू अजून चालता-फिरता आहेस. पण डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा काही सवलत देत नाहीत. त्यांचं नुकसान रोज चालू आहे आणि त्याचा आवाज होत नाही, एवढंच.

तुझी मूळ चूक वेगळीच आहे. तू स्वतःला 'शुगरवाला' समजतोस, तुझ्या मामासारखा. मामाला चाळिशीनंतर शुगर निघाली, तो गोळी खातो, सकाळी शहा मन्सूरच्या दर्ग्यापर्यंत चालून येतो आणि ठणठणीत आहे. म्हणून तूही त्याच्या गोळ्या मागून आणल्यास. लाज नाही वाटली? मामाच्या पोटात स्वादुपिंड धडधाकट आहे, इन्सुलिन तयार होतंय, पण ढेरीमुळे आणि चरबीमुळे शरीर ते नीट वापरत नाही. तुझं तसं नाही. तुझं स्वादुपिंडच जळून गेलंय. डॉक्टर याला टाइप ३सी म्हणतात, म्हणजे स्वादुपिंडाच्या आजारातून आलेला मधुमेह. मोठमोठ्या दवाखान्यांतही पुष्कळदा त्याला साधा टाइप २ समजून औषध दिलं जातं. तुझ्या बाबतीत तर डॉक्टरांनी बरोबर ओळखून कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद तू कपाटात टाकलास आणि मामाचा कागद खिशात घातलास.

नववीत मी फळ्यावर पोटाची आकृती काढायचो तेव्हा तू खिडकीबाहेर बघत असायचास. आज पुन्हा शिकवतो, आता मात्र इकडे बघ. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पडलेलं वीतभर लांबीचं स्वादुपिंड. त्याची दोन कामं. पहिलं, भाकरी, डाळ, तेल, मटण पचवणारे रस तयार करून आतड्यात सोडायचे. दुसरं, रक्तातली साखर सांभाळायची. हे दुसरं काम करणारे पेशींचे बारीक पुंजके पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिले. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याला मधुमेह झाला. मधुमेहाचं मूळ या अवयवात आहे हे जगाला तेव्हा कळलं. नंतर १९२२ च्या ११ जानेवारीला टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याच्या आधी असली पोरं हाडांचा सापळा होऊन मरायची, आईबाप उशाशी बसून नुसते बघायचे. ती सुई तू कपाटावर फेकलीस.

पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा पाठीपर्यंत कळ जात होती आणि पुढे वाकून बसल्याशिवाय जीव राहत नव्हता, आठवतं? तुला ते पित्त वाटलं. लिंबूसोडा पिऊन दोन दिवस काढलेस. मग पुण्याला अतिदक्षता विभागात बारा दिवस. तेव्हा स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात न जाता स्वादुपिंडालाच पचवायला लागला होता. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं की दारूचा एक थेंब नको आणि तंबाखूही नको. तू दारू चार महिने सोडलीस, तंबाखू एक दिवसही नाही. 'तंबाखूचा पोटाशी काय संबंध' म्हणालास. तंबाखू, विडी, सिगारेट, यांचा धूर स्वादुपिंडाला स्वतंत्रपणे जाळतो, दारू नसतानाही, आणि दोन्ही एकत्र आले की स्वादुपिंडात खडे लवकर धरतात. वर्षभरात पुन्हा तेच दुखणं, पुन्हा भरती, आणि त्या खेपेला शुगर घेऊन घरी आलास.

ही शुगर दुसऱ्यांदा दुखायच्या आधीच तपासायला हवी होती. पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात शंभरातल्या साधारण १५ जणांना मधुमेह होतो आणि पाच वर्षांत ते प्रमाण दुपटीपलीकडे जातं. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज आहे ही. तरी दवाखान्यातून सुटून आलेला माणूस पोट दुखायचं थांबलं की सुटलो म्हणतो. शुगर बघायला कोण जातो?

आणि गावालाही एक सांगायचंय, तुझ्या निमित्ताने. स्वादुपिंडाला सूज आली की लगेच 'बेवडा असणार' म्हणायची सवय लागलीय लोकांना. पित्ताशयातला खडा खाली सरकून नळी अडली तरी हेच होतं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स फार वाढली तरी होतं. ज्या बाईने आयुष्यात दारूचा वास घेतला नाही तिलाही होतं आणि मग तिला आजार सोसावा लागतो तो लागतोच, वर शेजाऱ्यांच्या नजरा. हे पाप आहे. तुझ्या बाबतीत मात्र कारण दारूच होतं, तेव्हा त्या बाईच्या आड तू लपू नकोस.

आता तुझा मधुमेह अवघड का, ते कळून घे. रक्तातली साखर एका बाजूने खाली ओढायला इन्सुलिन आणि दुसऱ्या बाजूने वर ओढायला ग्लुकागॉन, असे दोन बैल त्याच पुंजक्यांत राबतात. मामाचा एक बैल जरा अडतो, दुसरा शाबूत आहे. तुझे दोन्ही बसलेत. त्यामुळे सुई न घेता साखर तीनशे-चारशेवर चढते आणि सुई घेऊन जेवला नाहीस तर ती घसरते, आणि घसरू लागली की सावरणारं आतलं कुणी नाही. उरलं यकृत. साठवलेली साखर ते सोडतं, नवीही तयार करतं. पण पोटात दारू गेली की यकृत आधी दारू निस्तरत बसतं, नवी साखर बनवणं थांबवतं. आता त्या रात्रीचा हिशेब मांड. सुई घेतलेली, पोट रिकामं, ग्लुकागॉन नाही, यकृत दारूत गुंतलेलं, वर बारे मोडण्याची मेहनत. तू जिवंत सापडलास हे भावाच्या पायांचे उपकार.

आणखी एक गोष्ट तू कुणाला सांगत नाहीस, लाजतोस. मी विचारतो. शौचाला चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं, घाण वासाचं होतं की नाही? होतं. खाल्लेलं अंगी लागत नाही की नाही? लागत नाही. कारण पहिलं काम, पचवायचं, तेही बंद पडलंय. त्यासाठी डॉक्टरांनी पाचकरसाच्या कॅप्सूल दिल्यात. त्या तू कशा घेतोस? रात्री झोपताना एक, दुधाबरोबर, 'ताकदीची गोळी' म्हणून! अरे, ती गोळी अन्नात मिसळली तरच काम करते. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर एक, अशी घ्यायची. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेज लागतं, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं. तुझा नेमका आकडा तुझे डॉक्टर ठरवतील. पण वेळ चुकली तर भाकरी तशीच खाली निघून जाते. इन्सुलिन तू दोन भाकरींच्या हिशेबाने घ्यायचास आणि अंगाला लागायची अर्धी. मग साखर घसरणार नाही तर काय होईल? कॅप्सूल आणि सुई एकमेकींना धरून चालतात. एक आज घेतली, एक उद्या सोडली, तर हिशेब कधीच जुळायचा नाही, आणि दोष पुन्हा सुईलाच.

चरबी पचत नाही म्हणून तिच्यात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही जातात. रात्रीचं दिसायला कमी झालंय म्हणालास ना? साखरेने म्हण, अ जीवनसत्त्वाने म्हण, तपासल्याशिवाय मी सांगणार नाही आणि तूही ठरवू नकोस. हाडं ठिसूळ होतात ती वेगळीच.

आता साखरेचे आकडे लिहायच्या वहीबद्दल. मला वाटलं होतं निदान एवढं तरी करत असशील. साखर मोजायचं यंत्र आणलंस, पट्ट्या महाग म्हणून आठवड्यातून एकदा बोट टोचतोस, तेही दुपारी, किती निघाली ते न लिहिता. १२ मे १८७५ चं आपल्या सुप्याचं बंड तू दर जयंतीच्या भाषणात सांगतोस. सावकारांच्या दुकानांवर कुणबी कसे गेले, वह्या आणि कर्जरोखे बाहेर ओढून कसे जाळले, ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत कसं पसरलं, आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा कसा करावा लागला. टाळ्या घेतोस. पण त्या माणसांचं दुखणं काय होतं, ते कधी मनात आणलंस? सावकाराने कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचताच येत नव्हतं. अंगठा उठवायचा आणि आयुष्यभर फेडायचं. तुला वाचता येतं, लिहिता येतं, बेरीज-वजाबाकी येते. मीच शिकवली. आणि तू स्वतःच्या रक्ताचा हिशेब न बघता अंगठा उठवतोस? सकाळी उपाशीपोटी, जेवणाआधी, झोपताना, आणि रात्रीच्या कामाला जाण्याआधी, चार आकडे लिहायचे. पुढे इन्सुलिनचे युनिट, काय खाल्लं, कॅप्सूल घेतली की नाही. दर तीन महिन्यांनी सरासरी साखरेची तपासणी. पट्ट्यांना पैसे नाहीत म्हणशील तर ढाब्यावरचं बिल आधी माझ्यापुढे ठेव.

सिरिंजचंही विचारून घेतलं तुझ्या बायकोला. ती बिचारी म्हणाली, मेडिकलवाल्याने जी दिली ती. कान उघडे ठेवून ऐक, हे जिवावरचं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीमध्ये ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपणाची ४० ची सिरिंज. १०० युनिटची बाटली असेल तर नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज. अदलाबदल झाली तर आकडा तोच दिसतो आणि औषध अडीच पट जास्त किंवा अडीच पट कमी जातं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय टोचायचं नाही. रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ आणलीस, त्या गाठीत औषध नीट शोषलं जात नाही. जागा बदलत राहा. आणि ती बाटली तू पत्र्याच्या खोलीत खिडकीत ठेवतोस? मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पत्रा तापतो तेव्हा आत चणे फुटतील. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. उघडलेली चार आठवडे सावलीत गार जागी चालते. लाईट गेली किंवा फ्रिज नसला तर मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात डबीबंद ठेव. आजीच्या काळापासून घरात मडकं आहे, कुणी नवं यंत्र आणायला सांगत नाही.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, कुणीतरी आणून दिलेली पुडी, हे सगळं बंद. कारलं भाजी म्हणून खा, बरं असतं. पण जिथे इन्सुलिन बनवणारे पुंजके मेलेत तिथे कारलं काय जागं करणार? मोबाइलवर बघून दिवसातून दोनदाच जेवायचं सुरू केलंस ते त्याहून वाईट. ढेरीवाल्या, वजन वाढलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत असेल, त्यांचं त्यांनी बघावं. तुझी फासळी मोजता येते! तुला थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचंय, प्रत्येक वेळी कॅप्सूलसकट. तेल-तूप अजिबात तोडू नकोस, कॅप्सूल घेऊन बेताने खा, वजन भरायला ते लागतं. एकादशीचा निर्जळी उपास नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपासाच्या नावाखाली पिठूळ साखर, तीही नाही. तुकोबांची पालखी उंडवडीला येते तेव्हा वारीत जायचंय ना? अवश्य जा. वही, यंत्र, सुई, कॅप्सूल आणि साखरेची पुडी घेऊन जा, आणि दिंडीतल्या दोघांना तरी तुझा आजार सांगून ठेव.

मामाच्या गोळ्या परत कर. ग्लिप्टिन जातीच्या गोळ्या आणि वजन उतरवायच्या सेमाग्लुटाइडसारख्या सुया, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर शक्यतो देत नाहीत. मामाला जे अमृत ते तुला विष ठरू शकतं.

सूनबाई, बाहेर का उभी, आत ये. तूही ऐक. याला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, उगाच चिडला, बोलणं तिरपागडं झालं, तर आधी दारूचा वास हुंगत बसू नकोस. दारू प्यायला असेल तरीसुद्धा आधी बोट टोच. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज, अजून खाली असेल तर पुन्हा दे, मग भाकरी खायला लाव. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी, साखर, काही ओतायचं नाही, ठसका लागून जीव जाईल. कुशीवर वळव आणि १०८ ला फोन लाव. पोरांनाही हे शिकव, मोठी आता पाचवीत आहे, तिला समजेल. यापुढे रात्रीच्या मोटरीला हा एकटा जायचा नाही. जनाई-शिरसाई योजनेचं पाणी येवो न येवो, एक बारं सुकलं तर सुकू दे.

आणि तुझे दोस्त. यात्रा असो, जावळ असो, निवडणूक असो, ज्यांना तुझ्यासमोर बाटली ठेवायला हात धजतो, ते तुझे कुणी नाहीत. मी त्यांनाही बोलावणार आहे, तेही माझेच विद्यार्थी. तुला एकट्याने सुटत नसेल तर तसं डॉक्टरांना सांग, दारू सोडवायला औषध आहे, समुपदेशन आहे, ते मागण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो आईला बांधावर हंबरडा फोडायला लावण्यात. तुझ्यावर मी चिडलोय ते तू वाया जाण्यासारखा नाहीस म्हणून. बीजगणित तुझं वर्गात सगळ्यांत चांगलं होतं.

गावात ग्रामीण रुग्णालय आहे, बारामतीला सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेज आहे. लांब आहे ही सबब मला सांगू नकोस, तालुक्याच्या गावाला कांदा घेऊन जातोस ना. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने निघ, बायकोला बरोबर ने. दवाखान्याचे सगळे जुने कागद घे, स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन घे. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग की मी इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद केलं, कॅप्सूल चुकीची घेतली, आणि दारू प्यायलो. यातलं एकही लपवलंस तर ते देतील तो डोस चुकेल. डोस ते ठरवतील, तू नाही, मामा नाही, मीही नाही. डोळे, लघवीतली प्रथिनं आणि पाय तपासून घे. वजन विनाकारण उतरत राहिलं तर तेही सांग, जुनाट सुजलेल्या स्वादुपिंडात कर्करोगाचा धोका वाढलेला असतो आणि तो लवकर शोधावा लागतो. संध्याकाळी परत आलास की वही घेऊन माझ्याकडे ये. पहिल्या पानावर उद्याचे तोवरचे आकडे लिहिलेले मला दिसले पाहिजेत.